बंद डब्यातली बाहुली: ब्लाइंड बॉक्स बीजेडीविषयी वाचकांचे प्रश्न

ब्लाइंड बॉक्समधून, म्हणजे आत मालिकेतली कोणती बाहुली आहे हे उघडेपर्यंत कळत नाही अशा बंद डब्यातून, मिळणाऱ्या बॉल-जॉइंटेड (गोल सांध्यांच्या, थोडक्यात 'बीजेडी') बाहुल्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी नव्याने संग्रह सुरू करणाऱ्यांच्या उपयोगाचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: जुने संग्राहक ब्लाइंड बॉक्समधल्या बाहुलीला 'खरी बीजेडी' मानत नाहीत, असं ऐकलं. फरक नेमका काय? पहिली बाहुली म्हणून ती घ्यावी का?

उत्तर: फरक कशापासून बनवली आणि कशी जोडली, यात आहे. जपानच्या व्होल्क्स कंपनीची 'सुपर डॉल्फी' १९९९ मध्ये आली आणि तेव्हापासून बीजेडी म्हणजे पॉलियुरेथेन रेझिनची, आतून पोकळ, डोक्यापासून पायापर्यंत इलॅस्टिक ओवून ताणलेली बाहुली, असा अर्थ रूढ झाला. त्यातलं मोठं माप साधारण ६० सेंमीचं असतं. ब्लाइंड बॉक्समधली बाहुली बहुतेक वेळा १२ ते २० सेंमीची. तिचं अंग एबीएस या कडक प्लास्टिकचं, चेहरा बहुधा पीव्हीसी या मऊ प्लास्टिकचा आणि सांधे खटकन बसणाऱ्या खुंट्यांचे. पेनीज बॉक्स, टीनार ही नावं तुम्ही वाचली असतील, ती याच छोट्या मापातली. काही मालिकांमध्ये आत इलॅस्टिकही असतं, त्यामुळे वर्णन वाचल्याशिवाय काही गृहीत धरू नका.

'खरी-खोटी' हा वाद आम्हाला निरर्थक वाटतो. हाताळताना मात्र फरक जाणवतो. रेझिनची बाहुली वजनदार असते, नीट तोल साधला तर स्वतःच्या पायांवर उभी राहते आणि इलॅस्टिक सैल पडलं की बदलून पुन्हा ताणता येतं. प्लास्टिकची हलकी असते, हातातून पडली तरी सहसा फुटत नाही, पण अंगाच्या मानाने डोकं मोठं असल्यामुळे स्टँडशिवाय तोंडावर आपटते. आणि तिची खुंटी मोडली की दुरुस्ती किचकट होते.

पहिली बाहुली म्हणून जरूर घ्या. कपडे चढवणं, विग बसवणं, सांधे काढणं-घालणं हे सगळं तिच्यावर शिकता येतं. फक्त निवड चेहरा बघून करू नका. चेहरे सगळेच गोड असतात, नाहीतर खपले नसते. कपडे न घातलेल्या अंगाचा फोटो शोधा. कोपर, मनगट, गुडघा, घोटा आणि मान या पाच ठिकाणी जोड दिसतोय का पाहा. मग बसलेल्या बाहुलीचा फोटो पाहा. गुडघे निदान काटकोनात वाकतात का, मांड्या सरळ पुढे येतात की बाहुली पाय फाकवून बसते? कंपनीने असे फोटो दिलेच नसतील तर सांधे जेमतेम आहेत, असं समजून चाला. '२० सांधे', '२५ सांधे' अशा आकड्यांवर फार भिस्त ठेवू नका. कोणी दोन्ही मनगटं वेगळी मोजतं, कोणी सुटे हातही त्यात धरतं.

प्रश्न: एका मालिकेत सहा बाहुल्या आणि एक 'सीक्रेट', म्हणजे क्वचितच निघणारी जादा बाहुली, आहे. सहाही हव्या असतील तर किती डबे घ्यावे लागतील? सीक्रेटची शक्यता १/७२ लिहिली आहे, म्हणजे ७२ डबे घेतले की ती मिळणारच ना?

उत्तर: नाही, आणि इथेच सर्वात जास्त पैसा वाया जातो. त्यामुळे थोडं गणित सहन करा.

सुटे डबे वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतले आणि प्रत्येक डब्यात सहापैकी कोणतीही बाहुली सारख्याच शक्यतेने निघते असं धरलं, तर सहाही जमायला सरासरी १४ ते १५ डबे लागतात. पहिल्या तीन पटकन मिळतात. अडतं ते शेवटच्या एकीवर: पाच हातात असताना सहावी निघायला सरासरी आणखी सहा डबे जातात आणि तोवर बाकीच्यांच्या जोड्या होत राहतात. आठ बाहुल्यांच्या मालिकेला हाच हिशेब साधारण २२ डब्यांवर जातो, बारांच्या मालिकेला ३७ वर.

यावर उपाय म्हणजे अख्खा खोका घेणं. सहांच्या मालिकेत बहुधा सहा डब्यांचा एक मोठा खोका कारखान्यातून येतो आणि त्यात एकही बाहुली दुबार नसते. सीक्रेट आली तर ती नेहमीच्या सहांपैकी एकीच्या जागी बसते. म्हणजे सहा डब्यांत सहा बाहुल्या किंवा पाच आणि सीक्रेट. पण हे मालिकेगणिक बदलतं, त्यामुळे खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर 'दुबार नाही' असं स्पष्ट लिहिलंय का ते वाचा. मोठ्या खोक्याचं मूळ सीलही शाबूत हवं. सहा सुटे डबे एकत्र बांधून 'खोका' म्हणून विकले तर त्याला काही अर्थ नाही.

आता १/७२. सहाच्या खोक्यांच्या हिशेबात याचा अर्थ साधारण बारा खोक्यांमागे एक सीक्रेट. सुटे ७२ डबे घेतले तर निदान एक सीक्रेट मिळण्याची शक्यता साधारण ६३ टक्के येते. शंभरातल्या ३७ जणांना ७२ डबे फोडूनही ती मिळणार नाही. १/१४४ लिहिलं असेल तर १४४ डब्यांनाही हेच प्रमाण लागू. चीनमध्ये २०२३ साली बाजार-नियामकांनी ब्लाइंड बॉक्ससाठी मार्गदर्शक नियम काढले, त्यात अशी शक्यता जाहीर करणं आणि आठ वर्षांखालच्या मुलांना हे डबे न विकणं या दोन्ही गोष्टी आहेत. छापलेला आकडा सहसा खोटा नसतो, आपण तो चुकीचा वाचतो.

एकच विशिष्ट बाहुली हवी असेल तर 'उघडून खात्री केलेली' प्रत घ्या. विक्रेत्याने डबा उघडून आतलं कार्ड पाहिलेलं असतं आणि बाहुलीची पिशवी बंदच असते. सुट्या डब्यापेक्षा थोडी महाग पडते, लोकप्रिय चेहरा असेल तर बरीच. तरीही सहापैकी एक ठरावीक बाहुली सहा सुट्या डब्यांत मिळण्याची शक्यता दोन तृतीयांशच असते. ते पाहता थोडे जास्त मोजणं परवडतं.

प्रश्न: डबा हलवून किंवा वजन करून आतली बाहुली ओळखता येते का?

उत्तर: बीजेडीच्या बाबतीत जवळपास नाही. एका मालिकेतल्या सगळ्यांचं अंग एकच असतं, फरक पडतो तो कपडे, विग आणि हातातल्या वस्तूंचा, आणि तो इतका थोडा असतो की पुठ्ठ्याच्या वजनातल्या फरकात हरवून जातो. डबा जोरात हलवल्याने सुटे हात मात्र फॉइलमध्ये चेहऱ्यावर घासतात. दुकानदाराच्या मालाचं आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं नुकसान, एवढंच हाती लागतं.

प्रश्न: पहिला डबा आला आहे. उघडल्यावर आधी काय करायचं?

उत्तर: उघडण्याआधीच मोबाइल उभा करून चित्रण सुरू करा. डब्याच्या सहाही बाजू आणि सील दाखवा, मग न थांबवता शेवटची पिशवी उघडेपर्यंत चित्रण चालू ठेवा. हात कमी आला, एकाच पायाचे दोन बूट आले, चेहऱ्यावर छपाई सरकली, अशा तक्रारींना बहुतेक विक्रेते सलग चित्रणच पुरावा मानतात. मधे तोडलेलं चालत नाही.

टेबलावर पांढरा टॉवेल अंथरा. बुटाचं बक्कल, कानातलं, सुट्या हाताची खुंटी हे सगळं तांदळाच्या दाण्याएवढं असतं आणि फरशीवर पडलं की गेलंच. फॉइलच्या पिशव्या कात्रीने कडेलगत कापा. दातांनी किंवा ओढून फाडू नका, आतली वस्तू उडते. आतल्या कार्डावरच्या यादीशी एकेक वस्तू ताडून पाहा आणि सगळं जमेपर्यंत रिकाम्या पिशव्या फेकू नका. सुटे हात हटकून पिशवीच्या कोपऱ्यात अडकतात.

मग चेहरा तिरप्या उजेडात पाहा. पापण्यांच्या रेषा दोन्ही डोळ्यांवर सारख्या उंचीवर आहेत का, ओठांचा रंग कडेबाहेर गेलाय का, नाकाच्या शेंड्यावर घासल्याची खूण आहे का? नंतर सांधे. खांद्यापासून सुरुवात करा. एक हात जोडाच्या वर, दुसरा जोडाच्या खाली, दोन्ही सांध्याला लागून धरा आणि थोडं थोडं वळवा. पाऊल धरून गुडघा वाकवला तर सगळा जोर घोट्याच्या बारीक खुंटीवर येतो. नव्या बाहुलीचे घोटे बहुधा असेच मोडतात. कपडे काढायचे असतील तर आधी हात मनगटातून सरळ बाहेर ओढून काढा, मग बाही उतरवा. चढवतानाही तसंच. मनगट सुटं असणं ही या बाहुल्यांची सोय आहे, ती वापरा.

प्रश्न: गुडघा इतका घट्ट आहे की वळतच नाही. जोर लावायची भीती वाटते.

उत्तर: भीती योग्य आहे, जोर लावूच नका. सांधा घट्ट असण्याची कारणं तीन. साच्यातून निघालेल्या भागावर बारीक कड राहिलेली असते, किंवा रंगाचा थर जोडात सुकून चिकटलेला असतो, किंवा बाहुली बराच काळ एकाच स्थितीत दाबून ठेवलेली असते.

आधी ऊब द्या. हेअर ड्रायर मध्यम उष्णतेवर, साधारण १५ सेंमी लांबून, अर्धा-एक मिनिट फिरवत राहा. किंवा फक्त तो पाय ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात एक-दोन मिनिटं बुडवा. उकळतं पाणी नको, मऊ पीव्हीसीचे भाग वाकडे होतात आणि तसेच थंड झाले की तसेच राहतात. चेहरा पाण्यात जाऊ देऊ नका: डोळे चिकटवलेले असतील तर सुटतात, चुंबक असेल तर गंजतो. ऊब दिल्यावर सांधा आधी वाकवायचा प्रयत्न करू नका, आसाभोवती डावी-उजवीकडे किंचित फिरवा. चिकटलेला रंग अशाने सुटतो, अगदी बारीक 'टक्' ऐकू येतं. मग वाकवा.

तरीही अडत असेल तर सांधा वेगळा करून खुंटीच्या मुळाशी भिंगातून पाहा. साच्याची कड दिसली तर ८०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून चार-पाच वेळा फिरवा, पुसा, घालून पाहा, लागलं तर पुन्हा. घासलेलं परत भरता येत नाही, त्यामुळे घाई नको. शेवटी शुद्ध सिलिकॉन ग्रीस, सुईच्या टोकाएवढं. खाद्यतेल, व्हॅसलिन, शिलाई मशीनचं तेल हे काही नको. प्लास्टिकवर काही तेलांचा वाईट परिणाम होतो आणि कपड्यांना डाग पडतात ते वेगळेच.

खुंटी मोडलीच तर दोन भाग वेगळे हाताळा. खोबणीत अडकलेला तुकडा काढायला तो भाग कोमट करा, तुकड्याच्या मध्यभागी बारीक स्क्रू दोन-तीन आटे फिरवा आणि पकडीने सरळ ओढा. हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने खुंटीच्या दोन्ही तुकड्यांत अंदाजे १ मिमीचं भोक पाडा, त्यात त्याच जाडीची पितळी तार ५-६ मिमी लांब घाला आणि सुपर ग्लूचा एक थेंब द्या. नुसत्या सुपर ग्लूने जोडलेली खुंटी पहिल्याच वळणाला पुन्हा सुटते. गोंद पूर्ण सुकायला एक दिवस जाऊ द्या, त्याआधी सांध्यात घातलात तर खोबणीही चिकटून बसेल.

प्रश्न: उलटी तक्रार आहे. मान इतकी सैल झाली की डोकं सारखं पुढे पडतं.

उत्तर: डोकं जड आणि मानेची खुंटी लहान, त्यामुळे सर्वात आधी मानच सैल पडते. खुंटी थोडी जाड करायची, एवढाच उपाय. खुंटी पुसून कोरडी करा, त्यावर पाण्यात विरघळणारं अॅक्रिलिक वॉर्निश किंवा पांढरा पीव्हीए गोंद बारीक ब्रशने पातळ लावा आणि सांधा उघडाच ठेवून २४ तास सुकू द्या. घालून पाहा. कमी पडलं तर दुसरा थर द्या. एकदम जाड थर दिला तर तो सालपटासारखा निघून येतो. पारदर्शक नेलपॉलिश वापरा असा सल्ला सगळीकडे मिळतो, तो एबीएसवर आम्ही देणार नाही. त्यातली द्रावकं प्लास्टिक मऊ करतात आणि खुंटी पुढे तडकू शकते.

इलॅस्टिकची बाहुली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे दोरी ताणायची किंवा बदलायची. एवढ्या लहान बाहुलीला साधारण १ मिमीची गोल दोरी पुरते, ३० सेंमीच्या आसपासच्या बाहुलीला २ मिमीची. जुनी दोरी काढण्याआधी ती कुठून कुठे गेली आहे याचा फोटो घेऊन ठेवा.

प्रश्न: डब्यावर १/१२ लिहिलं आहे. म्हणजे १/१२ चे कोणतेही कपडे, बूट आणि विग बसतील?

उत्तर: नाही. १६८ सेंमी उंचीच्या माणसाचं १/१२ म्हणजे १४ सेंमी, हे खरं. पण ब्लाइंड बॉक्समधल्या बाहुलीची ठेवण लहान मुलासारखी असते, डोकं मोठं आणि धड आखूड. तिला १/१२ च्या मोठ्या माणसाच्या आकृतीचे कपडे कमरेत ढगळ आणि बाहीत लांब होतात. १/१२ हा आकडा इथे नुसता एक गट दाखवतो.

कपड्यांच्या दुकानांतून 'ओबी-११' हे माप सारखं दिसेल. ते जपानच्या ओबित्सू कंपनीच्या 'ओबित्सू ११' या बाहुलीच्या अंगावरून आलं आहे. तुमच्या बाहुलीचं अंग, म्हणजे डोकं सोडून मानेपासून टाचेपर्यंतची उंची, ८ ते ९ सेंमीच्या आसपास असेल तर ओबी-११ चे ढगळ फ्रॉक आणि स्वेटर अंगावर येण्याची शक्यता चांगली. पँट आणि मोजे मात्र मोजून घ्या.

मापं दोऱ्याने घ्यावीत, शिंप्याची टेप या आकाराला जाड पडते. छाती, कंबर, नितंब, खांद्यापासून मनगट, कमरेपासून घोटा आणि पाऊल अशी सहा मापं मिलिमीटरमध्ये एका चिठ्ठीवर लिहून मोबाइलमध्ये ठेवा. बुटाची आतली लांबी पावलापेक्षा १ ते २ मिमी जास्त हवी. विगसाठी दोरा कपाळावर, भुवयांच्या बराच वर, कानांवरून मागे मानेच्या खळीपर्यंत फिरवा. विगची मापं इंचांत असतात, म्हणून आलेल्या मिलिमीटरला २५.४ ने भागा. उत्तर ४.३ आलं तर ४-५ इंची विग घ्या. किंचित सैल झाला तर आत सिलिकॉनची टोपी घालून पकड येते, घट्ट झाला तर मात्र टाळूवरून सटकत राहतो. बाहुलीचे केस प्लास्टिकचे, डोक्याला घट्ट बसवलेले असतील तर विगचा विचार करण्याआधी ते तुकडे निघतात का ते पाहा. पुष्कळ मालिकांत पुढचा भाग निघतो आणि आतलं डोकं टकलं, चपटं निघतं. त्यावर विग बसतो, पण मोठा घ्यावा लागतो.

डोळे बदलता येतात का, असंही दोघांनी विचारलं आहे. डोकं उघडतं का, यावर ते ठरतं. डोळे चेहऱ्यावर छापलेले असतील तर अर्थातच नाही.

प्रश्न: गडद निळा फ्रॉक आठवडाभर घातला आणि मांड्यांवर निळसर छटा आली. जाईल का? पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं?

उत्तर: हा डाग वरवर लागलेला नसतो. कापडातला जादा रंग मऊ प्लास्टिकमध्ये शिरतो. पीव्हीसीत तो पटकन आणि खोल जातो, एबीएसमध्ये कमी. उष्णता आणि दमट हवा असली की वेग वाढतो.

डाग ताजा असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबण, मऊ ब्रश. नाही गेला तर मेलामाइन स्पंज ओला करून अगदी हलक्या हाताने. तो खरं तर बारीक पॉलिश पेपरच असतो. मॅट अंगावर घासलेली जागा चकाकायला लागते, म्हणून आधी पाठीवर करून बघा. पीव्हीसीच्या न रंगवलेल्या भागावर मुरुमांसाठी मिळणारं १० टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम कामी येतं: डागावरच पातळ थर, वर प्लास्टिकचा पातळ कागद, तीन-चार तास उन्हात, मग धुवून पाहा. हातमोजे घाला, कपड्यांना लावू देऊ नका, ते कापडाचा रंग उडवतं. चेहऱ्यावर, गालांच्या लालीवर किंवा छापलेल्या भागावर हे मुळीच करू नका, रंग जाईल. आणि भोवतालची जागा थोडी फिकट पडू शकते, हे मनाशी धरूनच करा. थिनर, अॅसिटोन यांच्या वाटेला जाऊ नका. अॅसिटोनने एबीएस अक्षरशः विरघळतं.

पुढच्या वेळी गडद कपडा आधी थंड पाण्यात साबणाचा थेंब टाकून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. सुकल्यावर ओला पांढरा टिश्यू त्यावर ठेवून वर जड पुस्तक ठेवा, दहा मिनिटांनी बघा. टिश्यूवर रंग आला तर तो कपडा बाहुलीवर नको, किंवा आत पांढरं अस्तर आणि पांढरे मोजे हवेत. काळे, लाल, गडद निळे आणि जांभळे कपडे फोटोपुरते घालून काढून ठेवा.

याच्याच जोडीला आणखी एक गोष्ट, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. मऊ रबरी बूट महिनोन्‌महिने कडक पायात राहिले तर बुटातलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) पायात उतरतं आणि पाय चिकट होतो किंवा त्यावर बुटाचा ठसा उमटतो. बाहुली कपाटात ठेवताना बूट काढून शेजारी ठेवा, किंवा पावलाला पातळ प्लास्टिकची पट्टी गुंडाळा.

प्रश्न: चेहरा पुसून स्वतः रंगवायचा आहे. कुठून सुरुवात करू?

उत्तर: जिची जोडी झाली आहे अशा बाहुलीपासून. दुबार निघालेल्या डब्याचा याहून चांगला उपयोग नाही.

डोकं अंगापासून काढा, विग आणि निघत असतील तर डोळेही काढा. छपाई आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघते का ते आधी कानामागे किंवा टाळूवर बघा. कापूस गुंडाळलेली काडी ओली करून हळू फिरवा, काडी मळली की बदला, नाहीतर विरघळलेला रंग नाकपुडीत आणि ओठांच्या रेघेत जाऊन बसतो. साबणाने धुवून एक दिवस सुकवा.

मग मॅट सीलर, म्हणजे रंग धरून ठेवणारा, न चकाकणारा थर. तो नसेल तर रंगखडूची पूड प्लास्टिकवर ठरत नाही, सरळ घसरते. रेझिनच्या डोक्यावर मिस्टर सुपर क्लिअरसारखे द्रावकाचे स्प्रे चालतात. मऊ पीव्हीसीवर स्प्रे कधीकधी कायमचा चिकट राहतो, त्यामुळे आधी डोक्याच्या आतल्या बाजूला मारून दोन दिवस थांबा. चिकट राहिला तर ब्रशने लावायचं पाण्याचं मॅट वॉर्निश घ्या. स्प्रे २० ते ३० सेंमी लांबून, दोन-तीन हलके थर, दोन थरांमध्ये अर्धा तास. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर असेल त्या दिवशी स्प्रे करू नका, चेहऱ्यावर पांढुरकं धुकं येतं. खोलीत मारू नका, आणि सेंद्रिय वाफांसाठीचा फिल्टर असलेला मास्क लावा. धुळीचा साधा मास्क वाफ अडवत नाही.

गाल आणि डोळ्यांभोवतीची छटा मऊ पेस्टलच्या पुडीने, कोरड्या ब्रशने. पुन्हा एक थर. भुवया आणि पापण्या पातळ अॅक्रिलिकने, ००० नंबरच्या ब्रशने. चुकलं तर ओल्या काडीने लगेच पुसता येतं, कारण खालचा थर सीलरने बंद आहे. प्रत्येक टप्प्यानंतर एक थर देत गेलं की चूक तेवढ्याच टप्प्यापुरती राहते. चकाकी हवी असेल तर ओठांवर ग्लॉस वॉर्निश अगदी शेवटी.

प्रश्न: कपाटात मांडायच्या आहेत. पिवळ्या पडतात म्हणे?

उत्तर: पडतात. अतिनील किरणांनी रेझिनही पिवळं पडतं, प्लास्टिकही, आणि कपड्यांचे रंग उडतात ते वेगळेच. खिडकीसमोरचं कपाट टाळा. काचेआड ठेवल्याने धूळ थांबते, ऊन नाही, कारण साधी काच काही अतिनील किरण आत येऊ देते. आत दिवे लावायचे असतील तर एलईडी, तेही तापणार नाहीत इतक्या अंतरावर. पूर्ण बंद कपाट महिन्यातून एकदोनदा उघडून हवा खेळू द्या. मूळ प्लास्टिकच्या ट्रेमध्ये वर्षानुवर्षं ठेवलेल्या बाहुल्यांचा चेहरा चिकट होतो. डबा जपायचा असेल तर घडी करून सपाट ठेवा, बाहुली सुती कापडाच्या पिशवीत.

प्रश्न: नकली माल कसा ओळखावा?

उत्तर: किंमत पाहूनच पहिला संशय यावा. डब्यावर खरवडून पाहायचा पडताळणी कोड असेल तर तो कंपनीच्या पानावर टाका. कोड आधीच वापरलेला दाखवला तर विक्रेत्याला विचारा. हातात आल्यावर बघायच्या जागा: पापण्यांच्या रेषा तुटक किंवा ठिपक्याठिपक्यांच्या, चेहऱ्याच्या कडेला साच्याची शिवण तशीच, तीव्र रासायनिक वास, आणि खोबणीत डुगडुगणारी खुंटी. डब्याची छपाई आजकाल नकलीवरही चांगली असते, तिच्यावर विसंबू नका. वापरलेली बाहुली घेताना चार फोटो मागा: कपड्यांशिवाय समोरून, पाठीमागून, चेहरा जवळून आणि सगळे सुटे भाग एका कागदावर. चौथा फोटो देताना टाळाटाळ झाली तर हात किंवा स्टँड हरवलाय, असं समजा.

प्रश्न: पाच वर्षांच्या मुलीला खेळायला दिली तर चालेल?

उत्तर: नको. सुटे हात, बक्कल, कानातलं आणि कधीकधी डोक्यातले चुंबक हे सगळं गिळण्याएवढं लहान असतं, आणि एकापेक्षा जास्त चुंबक पोटात गेले तर आतड्यात एकमेकांना चिकटतात, हे जीवघेणं ठरू शकतं. बहुतेक डब्यांवर १४ किंवा १५ वर्षांवरील वयासाठी असं लिहिलेलं असतं. घरात लहान मूल असेल तर बाहुल्या वरच्या फळीवर आणि सुटे भाग झाकण घट्ट बसणाऱ्या डबीत ठेवा.